शनिवारची गोष्टींची बैठक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात शनिवारी रात्री जेवणं आटोपली की समाजमंदिरात गोष्टी वाचणारे आणि ऐकणारे जमतात. राक्षस, परग्रहावरची माणसं, भुतं, गुप्तहेर, हरवलेली राजकन्या, सगळ्यांना इथे जागा आहे. आजूबाजूच्या गावांतून आणि आमच्याही गावातून पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

नेमकं काय वाचता?

कथा आणि कादंबऱ्या. सगळ्यांत जास्त ओढा फँटसीकडे आहे. म्हणजे ज्यात लेखकानं अख्खं जगच नव्यानं रचलंय, त्याचे नकाशे, राजे, देव, बोलणारी जनावरं, जादूचे नियम सगळं आपलं आपण उभं केलंय, असं लेखन. त्याशिवाय विज्ञानकथा, भयकथा, रहस्यकथा आणि अधूनमधून घरगुती, सामाजिक कादंबरीही होते. चरित्रं आणि माहितीची पुस्तकं आम्ही घरी वाचतो, बैठकीत नाही.

हे सगळं खोटंच असते ना? मोठ्या माणसांनी कशाला वाचायचं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आम्ही एकदा नळ-दमयंतीची गोष्ट वाचायला घेतली. दमयंती विदर्भाची राजकन्या, म्हणून घरचीच. बोलणारा हंस आला तेव्हा लहान मुलं खूश. स्वयंवरात चार देव नळाचंच रूप घेऊन बसले तेव्हा मोठेही सरसावून बसले. मग कली नळाच्या अंगात शिरतो, नळ द्यूतात राज्य घालवतो, दोघं नेसत्या वस्त्रानिशी रानात जातात आणि झोपलेल्या दमयंतीचं अर्धं वस्त्र फाडून घेऊन नळ तिला तिथेच टाकून निघून जातो. इथे वाचन थांबलं. कोपऱ्यात बसलेली एक काकू, जी कधी तोंड उघडत नाही, म्हणाली, "लुगडं फाडून नेलं त्यानं, अन् शोधत फिरली थेच!" त्यानंतर तासभर बाया बोलत होत्या. जुगारात गेलेल्या वावरांबद्दल, घर सोडून गेलेल्या नवऱ्यांबद्दल, परत आले तर घरात घ्यावं का याबद्दल. कुणाचं नाव निघालं नाही, कुणाच्या घरची उणीदुणी निघाली नाहीत. बोलणं सगळं नळाबद्दल होतं.

शेजाऱ्याबद्दल जे बोलता येत नाही ते राजाबद्दल बोलता येतं. कली अंगात शिरतो हे घडलेलं नसेल, पण पत्त्यांच्या डावावरून उठायचं असूनही उठवत नाही असा माणूस आम्ही सगळ्यांनी पाहिलाय. मला तरी मोठ्या माणसांनी गोष्टी वाचायला एवढं कारण पुरतं. आणि हे कारण नसतं, नुसती मजाच असती, तरी मी वाचल्या असत्या. दिवसभर निंदण करून आलेल्या बाईनं रात्री घटकाभर उडत्या घोड्यावर बसून यावं, यात लाजण्यासारखं काहीच नाही.

हे शहरातलं, परदेशातलं फॅड आहे. आपल्याकडे कुठं होतं असं?

आपल्याकडे इतकं आहे की कुठून सांगू असं होतं. दमयंतीचं कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यात वर्धेच्या काठावरचं कौंडण्यपूर, असं मानतात. कालिदासाचा शापित यक्ष ज्या रामगिरीवर बसून ढगाला निरोप सांगतो तो आपला रामटेक, असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. ढगाला टपाल्या करायचं आणि त्याला वाटेतल्या नद्या, डोंगर, गावं समजावून सांगायची, ही कल्पना आजच्या कुठल्याही फँटसीच्या तोडीची आहे.

त्याहून मला आवडतो तो संस्कृत नाटककार भवभूती. तो स्वतःचं मूळ विदर्भातल्या पद्मपुराचं सांगतो, आणि गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचं पदमपूर हेच ते, असं मानलं जातं. त्याच्या 'मालतीमाधव' नाटकाच्या पाचव्या अंकात नायक रात्री स्मशानात भुतांना नरमांस विकायला उभा राहतो, आणि तिथेच त्याला नायिकेची किंकाळी ऐकू येते, कारण कापालिक तिला चामुंडेपुढे बळी द्यायला निघालेला असतो. हे आठव्या शतकातलं लेखन आहे. भयकथा बाहेरून आली असं म्हणणाऱ्याला मी आधी हा अंक वाचायला देते.

पुढे तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी बोलता बोलता सांगितलेले दृष्टान्त केसोबासांनी 'दृष्टान्तपाठा'त एकत्र केले. महानुभावांचं रिद्धपूर आपल्या वऱ्हाडातच आहे. 'दृष्टान्तपाठा'तली जन्मांध माणसं हत्ती चाचपून पाहतात ती गोष्ट ज्यानं ऐकली नाही असा माणूस गावात सापडणार नाही. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात, त्यातही गोष्टीच असतात. पूर्व विदर्भात, झाडीपट्टीत, दंडार हे लोकनाट्य आणि नाटकं बघायला माणसं दिवाळीनंतर रात्र रात्र मांडवात बसतात, घरी पाहुणे येतात ते नाटकासाठीच. आमची बैठक त्याच्याच पुढची आहे.

इंग्रजी येत नाही. मराठीत वाचण्यासारखं काही आहे का?

भरपूर. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी मराठीत आणायला घेतल्या. १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' आली, १८६८ साली नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा'. मराठी कादंबरी सुरुवातीला वाढली ती बरीचशी अद्भुतातच, हे विसरून आपण नंतर फक्त वास्तवाचा अभिमान बाळगू लागलो. पुढे नाथमाधवांनी 'वीरधवल' लिहिली. आमच्याकडे तिची पानं सुटी झालेली प्रत आहे, ती दोऱ्यानं शिवून अजून फिरते. १९५२ पासून 'चांदोबा' मराठीत येऊ लागला आणि विक्रम-वेताळ घराघरांत गेले. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. नारायण धारपांनी भयकथेला खेड्यातले वाडे आणि शहरातल्या खोल्या दिल्या. जी. ए. कुलकर्ण्यांच्या 'रमलखुणा'त 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथा आहेत, त्या वाचून झाल्या की काही वेळ कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

अनुवादही आहेत. टोल्किन या इंग्रज लेखकाची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही अंगठीची महाकादंबरी मुग्धा कर्णिकांनी 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून आणली, हॅरी पॉटर मराठीत आहेच.

एक खंत मात्र आहे. मराठीत स्वतंत्र रचलेली, अनेक खंडांची, स्वतःचं जग उभारणारी फँटसी फार थोडी लिहिली जाते. ज्या भाषेत चकवा, मुंजा आणि सातआसरा आहेत त्या भाषेत अशा कादंबऱ्यांची रांग लागायला हवी होती. ती अजून लागू शकते, आणि इथे बसणाऱ्या पोरापोरींपैकी कुणीतरी ते काम करावं, असं मला मनापासून वाटतं.

मी शाळा सुटल्यापासून पुस्तक हातात धरलं नाही. कुठून सुरुवात करू?

छोट्या कथेपासून. जयंत नारळीकरांची एखादी विज्ञानकथा घ्या, भाषा सोपी असते आणि एका बैठकीत संपते. रहस्य आवडत असेल तर अर्नाळकर. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दोघांनी मिळून वाचा.

जाडजूड फँटसी लगेच उचलू नका. तिची पहिली पन्नास पानं म्हणजे नव्या गावात सून म्हणून येणं. नावं, नाती, वाटा, कुणाचं कुणाशी पटत नाही, काहीच ठाऊक नसतं. म्हणून आम्ही एक कागद करतो. पात्राचं नाव, तो कुणाचा कोण, आणि पहिल्यांदा कुठे भेटला, एवढं लिहून तो कागद पुस्तकातच ठेवतो. पुढच्या वाचणाऱ्याला तो आयता मिळतो आणि तो त्यात भर घालतो. अनुवादातली परकी नावं याच कागदामुळे तोंडात बसतात.

मला वाचताच येत नाही. आलं तर चालेल का?

तुमच्यासाठीच बैठक आहे. आमच्यातल्या सगळ्यांत चांगल्या ऐकणारीला अक्षरओळख नाही. ती आजी पुढे बसते आणि गोष्टीत सरळ शिरते. वाळवंटात भटकणाऱ्या पोराचं प्रकरण चालू होतं. पोरगा तीन पानं चाललाय, लेखक वाळूचं वर्णन करतोय, आणि आजी ओरडली, "अवो, थ्या पोराले पाणी तं पाजा आंधी!" वाचणाऱ्या मॅडमनी पान उलटलं आणि पुढच्याच ओळीत विहीर लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेखकाला कुठे विहीर आणायची हे बरोबर कळलं होतं, आणि आजीलाही.

मोठ्यानं वाचायची काही पद्धत आहे का?

आहे, आणि ती करत करतच सापडली. एकानं वीस-पंचवीस मिनिटांच्या वर वाचू नये, आवाज बसतो आणि ऐकणारे पेंगतात. आवाज बदलून नाटकी वाचायची गरज नाही, पण दोन माणसं बोलत असतील तर कोण बोलतंय ते कळलं पाहिजे, म्हणून मध्ये क्षणभर थांबावं. लांब वर्णन असेल तर ते आधी घरी वाचून यावं, म्हणजे अडखळणं होत नाही. वाचून दाखवणाऱ्यानं वर्णन गाळायचं मात्र नाही. लेखकानं जंगल दोन पानं लिहिलं असेल तर ते दोन पानं ऐकायचं.

आणि थांबायचं ते उत्कंठेच्या जागी. दार वाजलंय, उघडायचं आहे, तिथे पुस्तक मिटायचं. मग आठवडाभर पाणी भरताना, एसटीची वाट बघताना, गिरणीवर दळणाच्या रांगेत त्या दाराचीच चर्चा होते. दारामागे कोण आहे यावर गावात तट पडतात. पुस्तक एकट्यानं वाचताना हे सुख मिळत नाही, कारण आपण लगेच पान उलटतो.

मुलांना एक काम ठरलेलं असतं. वाचनात नवं गाव, नदी, किल्ला आला की ती समाजमंदिराच्या फरशीवर खडूनं नकाशा काढतात. राक्षसाचा डोंगर उत्तरेला की पूर्वेला यावर भांडणं होतात, मग मागची पानं काढून पुरावे शोधले जातात. एवढं बारकाईनं शाळेचं पुस्तकही कुणी वाचत नाही.

सिनेमा पाहिला, आता पुस्तक कशाला?

सिनेमात राक्षसाचा चेहरा सगळ्यांना एकच दिसतो. बैठकीत प्रत्येकाला वेगळा दिसतो, आणि तो एकमेकांना सांगण्यात खरी गंमत आहे. सिनेमा पाहून आलेल्यांचंही स्वागत आहे.

भुताखेतांच्या गोष्टींनी अंधश्रद्धा वाढत नाही का?

हा प्रश्न आम्ही गंभीरपणे घेतो. करणी केली, जादूटोणा केला अशा संशयावरून माणसांना मारहाण होते, कुटुंबं वाळीत टाकली जातात. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो हवाच होता.

म्हणून आमच्याकडे एक नियम कधीच मोडत नाही. पुस्तकातलं भूत पुस्तकात राहील. गावातल्या कुठल्याही घराशी, विहिरीशी, झाडाशी, बाईशी त्याचा संबंध जोडायचा नाही. "अमक्याच्या वावरात खरंच असते" असं कुणी सुरू केलं की तिथेच थांबवतो, मग तो कितीही मोठा माणूस असो. माझा अनुभव असा की भयकथा नियमानं वाचणारी मुलं उलट धीट होतात. लेखक भीती कशी तयार करतो हे त्यांना कळायला लागतं. आधी दिवा घालवतो, मग आवाज आणतो, मग आवाज थांबवतो. रात्री वावरात रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं हाकलायला जागलीला गेलेला आमचा एक पोरगा मचाणीवर बॅटरीच्या उजेडात धारप वाचतो आणि सकाळी तुरीतून एकटाच घरी येतो.

सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलांना मात्र भयकथेच्या रात्री आणू नका. त्या दिवशी काय वाचणार ते आदल्या दिवशीच फळ्यावर लिहिलेलं असतं.

आमचा मुलगा पोलीस भरतीची, तलाठ्याची तयारी करतोय. त्याचा वेळ जाईल.

आठवड्यात एक रात्र जाईल, एवढं खरं. परीक्षेच्या महिन्यात आम्हीच त्याला नको म्हणतो. पण दिवसभर प्रश्नसंच सोडवून, मित्र पास झाला आणि आपण दोन गुणांनी राहिलो हे मनात घेऊन जो मुलगा एकटा बसतो, त्याला चार माणसांत बसून दुसऱ्याच कुणाच्या संकटाची काळजी करू देणं मला वेळ घालवणं वाटत नाही.

पेरणी-वेचणीच्या दिवसांतही बैठक होते का?

पेरणीच्या पंधरवड्यात नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत होते, पण फक्त लघुकथा, कारण माणसं थकलेली असतात. मोठी कादंबरी उन्हाळ्यासाठी राखून ठेवतो. मे महिन्यात दुपारी बाहेर पडवत नाही, मुलांना सुट्या असतात आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटीच उघडतात. तेवढ्या काळात तीन खंडांची कादंबरीही तडीस जाते. तेव्हा बैठक दुपारी, कूलर असलेल्या घरी. लाइन गेली तर सगळे ओसरीत.

पुस्तकं कुठून आणता?

सार्वजनिक ग्रंथालयातून आधी. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्याखाली अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालयं चालतात आणि अनेक लहान गावांतही ड वर्गाचं वाचनालय असतं. कपाटाला कुलूप दिसलं तरी विचारा, किल्ली कुणाकडे तरी असतेच. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय ग्रंथालय आहे. जिल्ह्यात ग्रंथोत्सव भरतो तेव्हा आम्ही वर्गणी करून दोन-चार नवी पुस्तकं घेतो. नागपूरला दवाखान्याच्या किंवा कोर्टाच्या कामाला कुणी गेलं की त्याच्या हाती यादी देतो आणि तो सीताबर्डीवरून जुनी पुस्तकं बघून आणतो.

प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं नाही, खताच्या गोणीच्या आतल्या प्लॅस्टिकचं कव्हर घालतो. धुऊन वाळवून घेतलं की पावसाळा त्याला काही करत नाही.

पीडीएफ पाठवता का?

नाही. भारतात लेखकाच्या निधनानंतर, पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं स्वामित्व हक्क राहतो. नाथमाधव १९२८ साली गेले, हरि नारायण आपटे १९१९ साली, त्यांचं लेखन आता सगळ्यांसाठी मोकळं आहे आणि जुनं बरंच मराठी साहित्य विकिस्रोत या संकेतस्थळावर फुकट, कायदेशीर वाचता येतं. त्याच्या लिंक आम्ही आनंदानं देतो. अनुवादाचं मात्र वेगळं बघावं लागतं, कारण मूळ लेखक जुना असला तरी अनुवादकाचा हक्क शिल्लक असू शकतो. जिवंत लेखकाचं पुस्तक चोरून वाचायचं आणि मग मराठीत कुणी फँटसी लिहीत नाही म्हणायचं, हे मला पटत नाही.

कुणी शेवट आधीच सांगून टाकला तर?

त्यानं पुढच्या शनिवारचा चहा सगळ्यांना पाजायचा.

सगळ्यांना आवडलेलं पुस्तक मला आवडलं नाही तर सांगू का?

जरूर. फक्त "बेकार आहे" एवढ्यावर थांबू नका. कुठल्या पानावर कंटाळा आला, कुठलं पात्र तसं वागलंच नसतं, ते सांगा. आमच्या सगळ्यांत रंगलेल्या रात्री मतभेदांच्याच आहेत. एका कादंबरीत म्हातारा जादूगार मरतो, तो मरायला हवा होता की नको यावरून सासू-सून एकमेकींविरुद्ध इतक्या छान बोलल्या की घरी जाताना दोघी तोच विषय बोलत हसत गेल्या.

बायापोरींनी रात्री कसं यायचं?

गल्लीगल्लीतून घोळक्यानं येतात, घोळक्यानं जातात. ज्यांच्या घरून रात्री सोडत नाहीत त्यांच्यासाठी महिन्यातून एक बैठक रविवारी दुपारी ठेवली आहे. आता तिलाच जास्त गर्दी असते.

मी स्वतः गोष्ट लिहिली आहे. वऱ्हाडीत आहे. वाचून दाखवू का?

या आणि वाचा. वऱ्हाडीतच वाचा, प्रमाण भाषेत बदलून आणू नका. राकेस वऱ्हाडीत बोलला तर जास्त भीती वाटते, हे आम्ही अनुभवलंय. झाडीबोलीत असेल तर आणखी चांगलं, तिकडून सून म्हणून आलेल्या दोघी आमच्यात आहेत, त्या अडलेले शब्द सांगतात.

लाज वाटत असेल तर नाव न सांगता द्या. जयंत नारळीकर जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते, तरी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून ते नाव घेतलं होतं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. कथेला बक्षीस मिळालं ते कथेच्या बळावर. आणि टोल्किननं आपली महाकादंबरी लिहिता लिहिताच तिची प्रकरणं ऑक्सफर्डमधल्या मित्रांच्या गटात वाचून दाखवली होती. त्यांच्यातल्या सी. एस. लुईस या लेखकाच्या खोलीवर रात्री जमायचं, लिहिलेलं वाचायचं, मित्रांनी तोंडावर बोलायचं. पुस्तक छापून आलं १९५४-५५ मध्ये, पण ऐकणारे त्याला त्याच्या कितीतरी आधी मिळाले होते.

तुमची गोष्ट ऐकून झाली की आधी काय आवडलं ते सांगतो, मग जे कळलं नाही ते विचारतो. शुद्धलेखन बघत नाही.

आमच्या गावात असं सुरू करायचं आहे. काय लागेल?

एक चांगला वाचणारा, एक पुस्तक, बसायला सतरंजी आणि ठरलेला वार. वार बदलू नका. पहिल्या रात्री तिघं आले तरी वाचा. उद्घाटन, हारतुरे, भाषण काही ठेवू नका, त्यात पहिली रात्र वाया जाते. पहिली गोष्ट तासाभरात संपणारी घ्या आणि ती मध्येच, दार वाजलेल्या जागी, थांबवायला विसरू नका. पुस्तकांची अडचण असेल तर आमच्याकडून एका वेळी तीन नेता येतील. नेताना वहीत नाव लिहायचं, आणि परत आणताना पात्रांचा कागद आत आहे की नाही ते बघायचं.